सहाजणांचा एक फिटर

मी आणि बुधी वाडीवरून निघालो तेव्हा आवणी अर्ध्यावर आली होती. भाताची रोपं लावायचे दिवस. हातपाय धड असलेलं माणूस त्या दिवसांत घरात सापडत नाही. अशा वेळी दोन धडधाकट पोरी कपड्यांच्या पिशव्या घेऊन बांधावरून चालत निघाल्या, म्हणजे सगळ्या वाडीला पाठ दाखवून निघाल्या. चिखलात वाकलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. माझा बा तेवढा उभा राहिला, हातातली रोपांची मूठ तशीच धरून. आय वाकल्या वाकल्या, माझ्याकडे न बघता ओरडली, "जातीस तं जा, पन रांग मोडू नको!" मला वाटलं, ती शेतातल्या कुणाला तरी सांगतेय.

हे मी तुम्हां दोन्हींकडच्यांसाठी लिहितेय. वाडीवर राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे निघून गेलात त्यांच्यासाठीही. सुमनने, म्हणजे मी, साहेबाची कशी जिरवली ही गोष्ट आता पाचही वाड्यांत सांगतात. लग्नात सांगतात, बारशाला सांगतात, दर खेपेला साहेब थोडा जास्त घाम गाळतो. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी मीच दाबून ठेवली होती.

आमची ठाकरांची वाडी बारवी धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. बुधीचं घर आमच्या घराला लागून. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. शाळेच्या दाखल्यावरही तेच. आश्रमशाळेत बारावीपर्यंत आम्ही एका ताटात जेवलो. ती माझ्यापेक्षा ताकदीची, लाकडाची मोळी एका झटक्यात डोक्यावर घेणारी. पण काम हळू करायची. मी दोन कामं उरकून तिच्या डोक्यावर जाऊन उभी राहायचे, तरी तिची घाई व्हायची नाही. तिने केलेलं काम कुणाला दुसऱ्यांदा मात्र करावं लागायचं नाही.

बारावीनंतर अंबरनाथच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या कोर्सला आदिवासी मुलांसाठी सहा जागा आहेत, असं कुणीतरी सांगितलं. फिटर म्हणजे काय हे आम्हांला माहीत नव्हतं. लोखंडाचं काम असतं एवढंच कळलं होतं. बुधी म्हणाली, लाकडाचं करतोच आहोत, लोखंडाचं करून बघू. तेवढ्यावर आम्ही निघालो.

राहायला उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी बाईंच्या घरामागची खोली मिळाली. त्यांना सगळी गल्ली आंटी म्हणायची. शेजारच्या घरात जीन्सच्या पँटी शिवायच्या मशिनी दिवसभर घरघरायच्या आणि गटारातून निळं पाणी वाहायचं. पहिल्या रात्री बुधीने ते पाणी बघून विचारलं, हे कुठल्या नदीचं? आंटी आमचा भात बघून डोक्याला हात लावायच्या. "अरे पुट, चावल ही चावल खाएगी तो हथौड़ा कैसे उठाएगी?" म्हणायच्या आणि कोकी पुढे करायच्या. कांदा घातलेली जाड, खरपूस सिंधी रोटी. आता मीच रविवारी कोकी करते आणि वाडीवरून कुणी आलं की त्याला वाढते. ते भात मागतात.

वर्कशॉपमध्ये आम्ही सहाजण आदिवासी. आमच्या दोघींखेरीज एक ठाकर मुलगी वांगणीकडची, आणि तीन मुलगे, त्यांतले दोन कातकरी. आमचे निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, त्यांना आम्ही मायक्रॉन सर म्हणायचो. ते दिवसातून पन्नास वेळा मायक्रॉन म्हणायचे. केसाएवढी फट ठेवलीस, केस म्हणजे किती मायक्रॉन माहितीय का? माणूस कामात पक्का होता, हे मला आजही कबूल करावं लागतं आणि करताना दातओठ खावे लागतात. बाकीच्या मुलांना नावाने हाक मारायचे. आम्हां सहाजणांना "ए जंगल" म्हणायचे, आणि सहाजणांना मिळून ते एकच नाव होतं.

आम्हीही वागायचो मात्र एकासारखेच. वाडीवर सावड असते, म्हणजे आज तुझ्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या शेतात. ज्याचं काम मागे पडलं तिथे आधी हात लावायचे. एकट्याचं शेत लावून झालं म्हणून कुणी घरी जाऊन पाय पसरत नाही. आम्ही वर्कशॉपमध्येही तेच केलं. कुणाला करवत सरळ जात नसेल तर दुसरा धरायचा. कुणाची कानस घसरत असेल तर तिसरी मागून मनगट सरळ करायची. कानशीने लोखंड घासून मापात आणणं हेच आमचं वर्षभराचं काम. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या सहा व्हाइसपाशी, म्हणजे लोखंड आवळून धरणाऱ्या शिकंज्यांपाशी, कधी एकटं माणूस दिसलं नसेल. मायक्रॉन सर बघायचे आणि म्हणायचे, "भजनी मंडळ आहे का हे?" आम्ही हसायचो. आम्हांला वाटायचं, ते चेष्टा करताहेत.

वर्षअखेरीच्या प्रॅक्टिकलला चौकोनी फिटिंग आलं. लोखंडाच्या दोन पट्ट्या. एकीत चौकोनी खोबण कापायची, दुसरीला चौकोनी जीभ काढायची, आणि नुसत्या कानशीने घासून जीभ खोबणीत अशी बसवायची की उजेडासमोर धरल्यावर मधून उजेड येता कामा नये. दिवसभराचं काम. माझं तासभर आधी झालं. दिव्यासमोर धरून बघितलं, अंधार. इतका आनंद झाला की हसू आवरेना. मग बाजूला बघितलं. बुधीची जीभ अजून जाड होती. ती कानस पुढे ढकलत होती, थांबत होती, बोट फिरवून बघत होती, पुन्हा ढकलत होती. घड्याळात एक तास उरला होता.

मी माझ्या व्हाइसवरून हलले. बुधीच्या हातातली कानस काढून घेतली आणि घासायला लागले. मी हलले म्हणून वांगणीवाली हलली, मग मुलगे हलले. दोन मिनिटांत सहाजण एकमेकांच्या कामावर वाकलेले. परीक्षेत असं करत नाहीत, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. काम मागे पडलं होतं आणि हात मोकळे होते, एवढंच आम्हांला दिसत होतं.

मायक्रॉन सर धावत आले नाहीत. सावकाश आले. आमच्या सहा व्हाइसमधले बाराच्या बारा तुकडे एकेक करून काढले, माझी अंधार पडलेली जोडीसुद्धा, आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीत टाकले. बारा आवाज झाले. बाकीची तीस मुलं कानशी थांबवून बघत होती. सर म्हणाले, "परीक्षेत चोरी करतात आणि वर मख्खासारखे बघतात. अरे, तुम्ही सहाजण मिळून एक फिटर होत नाही." कुणीतरी हसलं. आमची नावं त्याच दिवशी काढून टाकली.

माझ्या आयुष्यातलं सगळं त्या वाक्यापासून मोजलं जातं. माझं लग्न झालं नाही, त्याची लोक बरीच कारणं देतात. मला विचाराल तर जागाच नव्हती. छातीत तो माणूस बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधीने पिशवी भरली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, लाज वाटली असेल. मी म्हटलं, थांब, आपण दुसरीकडे शिकू, त्याला दाखवून देऊ. तिने पिशवीचा बंद आवळला आणि गेली. आंटीने तिला वाटेत खायला कोकी बांधून दिली, ती तिने घेतली. बाकीचे चौघेही पांगले. एकजण बदलापुरात रिक्षा चालवतो, दोघं वीटभट्टीवर गेले, वांगणीवालीचं लग्न लागलं.

मी उल्हासनगर सोडलं नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये झाडलोट करायला लागले. शहाडहून येणारे एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांनी मला झाडताना लोखंडाचा कीस चिमटीत घेऊन बघताना पाहिलं आणि हातात कानस दिली. म्हणायचे, "दबा मत. दुश्मन है क्या तेरा?" काय सांगणार? दुश्मनच होता. लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याला मला मायक्रॉन सरांचं नाक दिसायचं आणि मी ते घासून सपाट करायचे. अशा रागाने काम बिघडतं म्हणतात. माझं सुधारलं. पुढे बाहेरून परीक्षा दिली, पास झाले, अंबरनाथच्या कारखान्यांत आठ वर्षं घालवली. हेल्परची फिटर झाले, फिटरची चार्जहॅंड, म्हणजे टोळीची मुकादम. कुठल्याही गेटवर पहिल्या दिवशी विचारायचे, कुठून आलीस? मी सांगायचे, जंगल. ऐकणारा गडबडायचा आणि मला बरं वाटायचं.

या वर्षांत वाडीवर जायचे ती दोन दिवसांची पाहुणी म्हणून. मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर चढायचे, पोरं हसायची. बुधी दिसली की ती वाट बदलायची. तिचं लग्न वाडीतच झालं होतं. बा सांगायचा, बुधी आपल्या आवणीला येते, दर साल येते, तुझ्या वाटची रांग तीच लावते. मला बरं वाटायचं. मी म्हणायचे, तिला साडी दे. बा म्हणायचा, "साडी नाय घेत ती."

मग केंद्र काढलं. हे मी एकटीने काढलं असं सांगतात, ते साफ खोटं आहे. पाच वाड्यांची पंचमंडळी बसली, ठाकरांची आणि कातकऱ्यांची, आणि त्यांनी ठरवलं की बारावी झालेली आपली पोरं आता दुसऱ्याच्या दारात शिकायला पाठवायची नाहीत. बदलापूरजवळ खरवईला एक गाळा मिळाला. शिकवणारे सगळे आपलेच, कारखान्यांत राबून आलेले. काय शिकवायचं ते पंच ठरवतात, कोण नापास ते आम्ही. फिटिंग, वेल्डिंग, पंप आणि मोटर दुरुस्ती. पहिले पंधरा दिवस लोखंडाला हात लावू देत नाही. आमच्या वाडीवरचे लहानू बाबा येतात, त्यांना अक्षर येत नाही. ते पोरांना बांबूच्या कामट्या काढायला लावतात, सगळ्या एका जाडीच्या, आणि अंगठ्याचं नख फिरवून सांगतात कुठली जाड. पोरं व्हर्नियर लावून पडताळतात. बाबा चुकलेले मी एकदाच बघितले, आणि त्या दिवशी व्हर्नियरच खाली पडून बिघडलेला होता.

एका बाकावर सहाजण बसतात. सरकारी परीक्षा ज्याची त्याने द्यायची, ती देतात. पण केंद्राचा दाखला बाकाला मिळतो. सहावा पास होत नाही तोवर पाचजणांना दाखला नाही. हा नियम मी घातला. पंचांना तो ऐकताच पटला, त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. मी तो का घातला हे त्यांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी अंबरनाथच्या एका कारखान्याचं पत्र आलं. त्यांना शिकाऊ फिटर हवे होते, मुलांची चाचणी घ्यायला त्यांचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख येणार होते. खाली मायक्रॉन सरांचं नाव होतं. संस्था सोडून ते कारखान्यात गेले होते. मी ते पत्र दिवसभर पर्समध्ये ठेवलं आणि दर अर्ध्या तासाने काढून वाचलं. चौदा वर्षं मी ज्याच्या दारात जायची वाट बघत होते, तो माझ्या दारात येणार होता.

तो महिना मी पोरांना छळलं. हे लपवून काय करू? तोच जॉब दिला, चौकोनी फिटिंग, पण माझी अट वेगळी होती. सहाजणांनी सहा खोबणी आणि सहा जिभा करायच्या आणि कुठलीही जीभ कुठल्याही खोबणीत बसली पाहिजे. छत्तीस जोड्या, छत्तीस वेळा अंधार. हे एकट्याने चांगलं काम करून होत नाही. आपलं काम दुसऱ्याच्या कामाला लावून बघावं लागतं, रोज, तासातासाला. दोन वेळा मी सगळे बारा तुकडे बाद केले. एक मुलगी रडत घरी गेली, तिला मीच जाऊन घेऊन आले आणि पुन्हा उभी केली. पोरांना वाटलं, मॅडम त्यांच्या नोकरीसाठी जिवाचं रान करताहेत. मी बाकडंसुद्धा निवडून ठेवलं होतं, एक पाय आखूड असलेलं, साहेबांना बसायला.

आणि बाला निरोप पाठवला: बुधीला सांग, त्या दिवशी ये. तुझ्या डोळ्यांनी बघ. येईल असं वाटलं नव्हतं. पण सकाळी दहाला ती फाटकात उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेले, हात तेच. आत ये म्हटलं तर म्हणाली, इथनं दिसतं. मी तिला भिंतीपाशी खुर्ची दिली, ती बाजूला सारून उकिडवी बसली.

साहेब आले. टक्कल पडलं होतं, पोट आलं होतं. मला नमस्कार केला. मॅडम म्हणाले. ओळखलं नाही. मला ओळखणार नाहीत हे मी हजार वेळा मनात घोळवलं होतं. मी बाकडं पुढे केलं. ते डुगडुगलं, त्यांनी खिशातून कागद काढला, घडी घालून पायाखाली सारला आणि नीट बसले. कामात पक्का माणूस, म्हटलं ना.

मी टेबलावर बारा तुकडे ओतले. एकावरही नंबर नव्हता, नाव नव्हतं. म्हटलं, सर, तपासा. त्यांनी विचारलं, कुठला कुणाचा? मी म्हटलं, ते तुम्हीच सांगायचं. सहाजणांत जो कच्चा असेल त्याचा तुकडा बाजूला काढा, आम्ही त्याला घरी पाठवू.

त्यांनी फीलर गेज काढला, कागदाहून पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. फट असेल तर पातं आत शिरतं. एक जोडी जुळवली, पातं लावलं, शिरलं नाही. उलटून लावलं, नाही. दुसरी जोडी. तिसरी. खिडकीपाशी गेले, उजेडात धरलं. चहा आला, गार झाला. पोरं भिंतीला टेकून उभी. बारा वाजले. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांना आता कच्चा मुलगा शोधायचा नव्हता, त्यांना एक फट हवी होती, कुठलीही. माणूस असा हरताना बघणं फार सुंदर असतं. मी डोळे भरून बघितलं, एक क्षणसुद्धा इकडेतिकडे पाहिलं नाही.

साडेबाराला त्यांनी गेज मिटला. म्हणाले, "काम चांगलंय. मला दोन द्या. बेस्ट दोन."

"दोन नाहीत. सहा न्या, नाही तर एकही नाही."

"मॅडम, असं कंपनीत चालत नाही. व्यक्तीचं मूल्यमापन..."

"मग करा ना. बारा तुकडे समोर आहेत. चोर शोधून काढा."

चोर या शब्दाला त्यांनी वर बघितलं. मी सांगितलं मग. संस्थेचं नाव, वर्ष, कोपऱ्यातली पेटी, बारा आवाज. सहाजण मिळून एक फिटर होत नाही, हे त्यांचं वाक्य त्यांना त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. मला ते इतकं पाठ होतं की कुठे श्वास घेतला होता तेही आलं. ते माझ्याकडे बघत राहिले. आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. म्हणाले, "असेल. बॅचेस खूप झाल्या."

मला माफी नको होती. मी भेटीची वही पुढे सरकवली आणि म्हटलं, लिहा: बारा तुकड्यांमधला एकही वेगळा काढता आला नाही. नाव लिहा, हुद्दा लिहा. त्यांनी पोरांकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आणि लिहिलं. अक्षर अजून तसंच होतं, छापल्यासारखं. आठवड्याने सहाजणांची पत्रं आली. त्या पानाची मी मोठी प्रत काढून गाळ्यात दाराच्या वर लावली. भिंतीवर देवाचा एक फोटो होता, तो जरा बाजूला सरकवावा लागला. मजा आली मला. कुणी म्हणतं, सूड घेऊन काही मिळत नाही. मला तर बरंच मिळालं. त्या रात्री चौदा वर्षांत पहिल्यांदा मी कुशी न बदलता झोपले असते.

असते म्हणते, कारण गोष्टीचा इथवरचा भागच वाड्यांत सांगतात.

साहेबांची गाडी गेल्यावर पोरं नाचायला लागली. मी बुधीकडे धावले. तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, बघितलंस? आपला सूड घेतला. बुधीने हात सोडवून घेतले.

"तुजा घेतलास. माजा कशाला म्हनतीस?"

"त्याने आपल्या सगळ्यांचं वाटोळं केलं, बुधी."

"त्यानं मागनं केलं." ती उठली, लुगडं झटकलं. तिचा आवाज चढला नव्हता. "कानस माज्या हातातनं कुनी काढली? मी तुला बोलवली व्हती का?"

मी म्हटलं, तास उरला होता, तुझी जीभ जाड होती.

"तास व्हता ना? मला तासभर पुरला असता. माजं हळू व्हतं, पन व्हत व्हतं. तू कदी थांबलीस? शाळंत नाय, रानात नाय. तुला माजं काम व्हताना बघवतच नाय." मग म्हणाली, "त्यो मला चोर म्हनला, त्येचं काय नाय. त्यो परका. तुला वाटलं, बुधीला जमनार नाय. त्ये लागलं."

आणि ती बदलापूरला जाणारी रिक्षा पकडून गेली.

सावडीबद्दल मी वर जे लिहिलं त्यातलं एक मी लिहिलं नाही. विसरले नव्हते, ते आठवायचं नव्हतं. सावडीला बोलावणं लागतं. ज्याचं शेत आहे तो आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगतो, उद्या माझ्याकडे या. सांगितल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या चिखलात पाय घालत नाही, शेत कितीही मागे पडलेलं असो. बोलावल्याशिवाय गेलात तर त्याचा अर्थ एकच होतो, की या माणसाच्याने होत नाही असं तुम्ही सगळ्यांसमोर ठरवलंत. वाडीतलं पाच वर्षांचं पोर हे जाणतं. बाच्या आवणीला बुधी चौदा वर्षं आली, कारण बा दर साल तिच्या दारात जाऊन बोलावून आला होता.

केंद्रात आता आम्ही एक गोष्ट बदलली आहे. सहाजणांचा बाक तसाच आहे, पण शेजारच्याला हात वर करून बोलवावं लागतं. तोवर आपल्या व्हाइसवरून हलायचं नाही, कुणी कितीही मागे असो. पंच म्हणाले, हे तर आपलंच आहे, आधी का नव्हतं? मी नवा नियम फळ्यावर लिहून टाकला. नवीन पोरांना ते अवघड जातं. मोकळे हात घेऊन उभं राहणं सगळ्यात अवघड.

मायक्रॉन सरांना मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. दाराच्या वरचं पान तिथेच राहील. पण मी चौदा वर्षं राग राखू शकते, तर बुधी का नाही राखणार? तिचा राग माझ्याहून जुना आहे, आणि माझ्याहून खरा आहे. तिला मी निरोप पाठवले, साडी पाठवली, तिच्या मोठ्या दिराच्या लेकीला केंद्रात घेते म्हणून सांगितलं. लेक आली. साडी परत आली.

लोक विचारतात, घर कुठे? खरवईला माझा वन बीएचके फ्लॅट आहे, बाल्कनीतून डोंगराची कड दिसते. उल्हासनगरला आंटींच्या मुलाकडे अजून माझ्या नावाची कोकी होते. पण घर म्हटलं की, जिथे मला उभं करावं की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवतं, असं एकच ठिकाण मला माहीत आहे.

या वैशाखात बुधीने नवं घर बांधायला काढलं. तिने संध्याकाळी घरोघरी जाऊन सावड बोलावली. बाला सांगितलं, मला नाही. तरी मी सुट्टी टाकून गेले. कारवीच्या काटक्यांचे कूड, म्हणजे भिंती, उभ्या राहत होत्या, वरती वासे चढत होते, अख्खी वाडी राबत होती. एक वासा नीट बसत नव्हता. माझ्या हातांना कळत होतं कुठे दोन बोटं तासायला हवं. मी कुंपणाच्या बाहेर उभी राहिले. बुधी स्वतः वर चढली, वासा उतरवला, तासला, पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. खूप वेळ लागला. मी हात मागे बांधून बघत होते. शेवटी बसला, आणि चांगला बसला, माझ्याने बसला असता त्यापेक्षा चांगला.

ती खाली उतरली, घाम पुसला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"ऊन लागंल," म्हणाली. "आंब्याखाली उभी ऱ्हा."

मी आंब्याखाली जाऊन उभी राहिले. बोलावलं नाही अजून.